जुन्या सीडी प्लेअरचा आवाज ‘उघडण्याची’ सोपी रीत (नवशिक्यांसाठी, चित्रांविना)

ज्याच्या घरी व्यवस्थित वाजणारा जुना सीडी प्लेअर आहे, त्याला तो उघडता यावा, आतले भाग बदलता यावेत आणि जमल्यास पुन्हा वाजवता यावा, एवढाच या मार्गदर्शिकेचा हेतू आहे. इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण झालेलं असण्याची अट नाही. झालेलं असेल तर उत्साह थोडा कमी पडतो, पण त्याला इलाज नाही.

पायरी १ : मशीन निवडणे

सीडी प्लेअर दुकानात आला तो १ ऑक्टोबर १९८२ रोजी, जपानमध्ये. सोनीचा सीडीपी-१०१, किंमत १,६८,००० येन. तुम्हाला तो घ्यायचा नाही. त्यात आकड्यांचा आवाज करणारा कन्व्हर्टर एकच होता आणि तो डाव्या-उजव्या बाजूला आळीपाळीने वापरला जाई. त्यामुळे एक बाजू दुसरीच्या सेकंदाचे सुमारे ११ दशलक्षांश मागे राही. हे कानाला कळत नाही, पण एकदा वाचलं की कळायला लागतं. या छंदातल्या बहुतेक गोष्टी अशाच कळतात.

तुम्हाला हवा आहे फिलिप्सच्या घराण्यातला प्लेअर. त्यामागची हकीकत पाठ करून ठेवा, पाहुण्यांना सांगावी लागते. सीडीचं प्रमाण ठरत होतं तेव्हा फिलिप्सजवळ १४ बिटांचा कन्व्हर्टर तयार होता आणि सोनी १६ बिटांवर अडून बसली. सोनीचं म्हणणं मान्य झालं. हातात १४ बिटांची आयसी आणि वाजवायच्या १६ बिटांच्या तबकड्या, अशा पेचात सापडलेल्या नेदरलंड्सच्या इंजिनिअरांनी अशी युक्ती काढली की सेकंदाला ४४,१०० नमुने यायचे, त्यांचे गणिताने १,७६,४०० करायचे आणि १४ बिटांत न मावणारी चूक ऐकू न येणाऱ्या पट्ट्यात ढकलून द्यायची. याला ओव्हरसॅम्पलिंग म्हणतात. टीडीए १५४० नावाच्या त्या आयसीने १४ बिटांत १६ बिटांचं काम करून दाखवलं. पुढे १९८५ च्या सुमारास खरी १६ बिटांची टीडीए १५४१ आली आणि मग तिची सुधारलेली बहीण टीडीए १५४१ए. नवशिक्याने हीच धरावी. फिलिप्स आणि मरांट्झच्या बऱ्याच मशीनांत ती सापडते.

मशीन कुठे मिळेल? मुंबईत चोरबाजारात, पुण्यात जुन्या बाजारात किंवा एखाद्या काकांच्या माळ्यावर. काकांचं मशीन सर्वांत चांगलं, कारण ते फारसं वाजलेलं नसतं आणि काकांना त्यात काय आहे ते माहीत नसतं.

विकत घेण्याआधी मशीन उलटं करून मागची पट्टी वाचा. जपानमध्ये विकलेल्या प्लेअरवर ‘१०० व्होल्ट’ लिहिलेलं असतं. आपल्या भिंतीत २३० आहेत. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर न लावता प्लग घातलात तर सुधारणेचं सगळं काम एका सेकंदात आटोपतं आणि पुढच्या पायऱ्या वाचायची गरज उरत नाही.

पायरी २ : साहित्य

तापमान ठरवता येणारी सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर, फ्लक्स, सोल्डर पंप, तांब्याची विक, मल्टिमीटर, नोजप्लायर, चांगला दिवा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, २८ पायांचे आणि ८ पायांचे आयसी बेस. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. दुकानदाराला ‘कपॅसिटर’ म्हणू नका, ‘कंडेन्सर’ म्हणा. नाहीतर तो तुम्हाला इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टवाला समजतो आणि भाव त्याप्रमाणे लावतो.

याशिवाय छोटी प्लॅस्टिकची पाकिटं आणि मार्कर घ्या. ही एकच वस्तू कुठल्याही यादीत नसते आणि सर्वांत जास्त उपयोगी पडते. कारण शेवटी सांगू.

पायरी ३ : झाकण काढणे

प्लग काढा. स्विच बंद केला म्हणजे प्लग काढला असं होत नाही. बऱ्याच मशीनांत पुढचं बटण बंद असलं तरी ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला वीज असते. मग झाकणाचे स्क्रू काढून बशीत ठेवा. बशी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही.

आत डोकावताना लेसरकडे पाहू नका. त्याची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर असते, म्हणजे तो जवळजवळ दिसतच नाही आणि ‘दिसत नाही म्हणजे बंद असेल’ हा तर्क डोळ्याला महाग पडतो. लेसरच्या बाजूला एक इवलासा प्रीसेट असतो. तो फिरवला की न वाचणाऱ्या तबकड्या वाचल्या जातात, हे खरं आहे. जास्त करंटने डायोड लवकर मरतो, हेही खरं आहे. पहिली गोष्ट त्याच दिवशी कळते, दुसरी नंतर.

आता एक काम करा, ज्याला सुधारणा म्हणत नाहीत म्हणून कोणी करत नाही. कापसाच्या काडीला अल्कोहोलचा ओलावा लावा, ठिबकेल इतका नको, आणि लेन्सवरून जेमतेम टेकवून एकदा गोल फिरवा. लेन्स बारीक स्प्रिंगांवर तरंगत असते, दाबली की खाली जाते, तिथेच थांबा. काडीवर करडा डाग उतरला तर समजा, आज रात्री हा प्लेअर पूर्वीपेक्षा चांगला वाजणार आहे. खर्च : कापूस.

पायरी ४ : आयसीची ओळख

बोर्डावर तीन मोठ्या आयसी शोधा. एसएए ७२१० तबकडीवरचे आकडे वाचते आणि चुका दुरुस्त करते. एसएए ७२२० ओव्हरसॅम्पलिंगचं गणित करते. मशीन चालू असताना ती चांगलीच तापते. आणि २८ पायांची टीडीए १५४१ए त्या आकड्यांचा करंट करते, जास्तीत जास्त ४ मिलिअँपिअर. पुढे ऑप-अँप नावाची आठ पायांची चिमुकली आयसी त्या करंटचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करते आणि मागच्या सॉकेटवर साधारण २ व्होल्ट येतात. झालं, एवढंच मशीन आहे. बाकीचं सगळं तबकडी फिरवायला आणि दार उघडायला.

फिलिप्सच्या सुरुवातीच्या मशीनांत, सीडी १०४ मध्ये तर हमखास, बोर्डाच्या दोन्ही बाजू जोडायला भोकांत बारीक पोकळ रिव्हेट ठोकलेले असतात. इतक्या वर्षांच्या ऊन-गारव्याने त्यांच्याभोवतीचं सोल्डर तडकतं. तिरप्या प्रकाशात पाहिलं तर रिव्हेटभोवती केसाएवढी काळी कडा दिसते. मेकॅनिक याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. प्रत्येक रिव्हेटमधून तांब्याची तार ओवून दोन्ही बाजूंनी सोल्डर मारावं. मशीन मध्येच गप्प होतं, चापट मारली की गातं, हा रोग बहुधा इथेच संपतो. हीसुद्धा दुरुस्ती झाली, सुधारणा नव्हे. म्हणून मित्रमंडळीत हिचा उल्लेख करायचा नाही.

पायरी ५ : कंडेन्सर बदलणे

इथून खरं काम सुरू. रेग्युलेटरच्या तापणाऱ्या पत्र्याला खेटून तीस-पस्तीस वर्षं उभे असलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून वाळलेले असतात. ते बदलले की मागची १०० हर्ट्झची घुरघुर कमी होते, बास सावरतो. हे मल्टिमीटरला दिसतं, कानाला ऐकू येतं, शेजाऱ्यालाही पटतं. त्याच व्हॅल्यूचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांचे नवे कंडेन्सर लावावेत.

नवशिक्याने एका ठिकाणी फार सावध राहावं. टीडीए १५४१ए ला तीन सप्लाय लागतात : अधिक ५, उणे ५ आणि उणे १५ व्होल्ट. उणे सप्लायवर कंडेन्सरचा अधिक पाय ग्राउंडला जातो. ‘ग्राउंड म्हणजे उणे’ ही शाळेतली सवय इथे उपयोगी नाही. कंडेन्सर उलटा लागला तर तो आधी गरम होतो, मग फुगतो आणि मग फट्कन आपलं मत मांडतो. जुना काढण्याआधी बोर्डाचा फोटो काढावा, हे सगळेच सांगतात. फोटोत पट्टी कुठल्या बाजूला आहे ते दिसेल असा काढावा, हे कोणी सांगत नाही.

यानंतर टीडीए १५४१ए च्या भोवतीचे १४ छोटे कंडेन्सर येतात, पाय ७ ते १३ आणि १८ ते २४. आयसीच्या आतले करंट सारखे करण्याच्या कामात ते मदत करतात आणि मूळचे बहुधा ०.१ मायक्रोफॅरडचे असतात. त्यांच्या जागी काय लावावं यावर जगभर अनेक पंथ आहेत. एक पंथ लाल डब्यांसारखे दिसणारे जर्मन फिल्म कंडेन्सर लावतो. दुसरा दसपट मोठी व्हॅल्यू लावतो. तिसरा जपानी ‘ब्लॅक गेट’शिवाय बोलत नाही, जे बनवणं केव्हाच बंद झालं आणि म्हणून त्यांचा आवाज दरवर्षी सुधारत चालला आहे. नवशिक्याने कुठलाही पंथ स्वीकारावा, पण पाय शक्य तितके आखूड कापावेत. कंडेन्सर कुठला यापेक्षा तो आयसीपासून किती लांब आहे याने जास्त फरक पडतो. हे वाक्य एखाद्या पंथाच्या बैठकीत म्हणून पाहा, पुढच्या वेळचं बोलावणं येत नाही.

पायरी ६ : ऑप-अँप बदलणे

जुन्या मशीनांत एनई ५५३२, एनई ५५३४ किंवा एलएम ८३३ असतात. याच आयसींमधून जगातल्या असंख्य रेकॉर्डिंग स्टुडिओंची मिक्सर टेबलं चालली. म्हणजे तुमच्या तबकडीवरचं गाणं तुमच्यापर्यंत येण्याआधीच कित्येक ५५३२ मधून गेलेलं असण्याची दाट शक्यता आहे. शेवटची एक तेवढी काढून टाकायची, म्हणजे आवाज शुद्ध होतो.

आयसी उपटण्याऐवजी पाय कापून एकेक काढावेत, नाहीतर बोर्डाचा ट्रॅक सोबत उचकटून येतो. जागेवर आयसी बेस बसवावा. आता हवी ती ऑप-अँप घाला आणि काढा. ओपीए २१३४, एलएम ४५६२, पगाराचा दिवस असेल तर ओपीए ६२७. फक्त ५५३४ आणि ६२७ मध्ये ऑप-अँप एकच असते आणि ५५३२, ८३३, २१३४, ४५६२ मध्ये दोन. पाय आठच असतात म्हणून अदलाबदल होते असा समज करून घेऊ नये. आयसीच्या कडेवरच्या खाचेची दिशा पाहावी आणि डेटाशीट वाचावी. डेटाशीट फुकट असते, म्हणूनच बहुधा कोणी ती वाचत नाही.

वेगवान ऑप-अँप जुन्या बोर्डावर कधी कधी आपल्याच नादात थरथरू लागते आणि कित्येक मेगाहर्ट्झवर, कोणालाही ऐकू न येणारं स्वतःचं गाणं गाते. हातात ऑसिलोस्कोप नसेल तर बोट लावून पाहा. चटका बसला तर सप्लायच्या पायांना चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावा. दरम्यान, ‘वरच्या सुरांत एक वेगळीच झळाळी आली’ असं तुम्ही म्हणून बसला असाल तर ते परत घ्यायची गरज नाही, कोणी विचारत नाही.

पायरी ७ : फिल्टर हटवणे

ही प्रगत पायरी असल्यामुळे नवशिके इथूनच सुरुवात करतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमधल्या रिओहेई कुसुनोकी यांनी ओव्हरसॅम्पलिंग नकोच, असा पक्ष मांडला आणि तो जगभर पसरला. म्हणजे १४ बिटांची अडचण सोडवायला जे गणित बसवलं, १६ बिट आल्यावरही ज्याने काम सोपं केलं, ते मुळासकट काढायचं. या संप्रदायात ७२२० उपटून ७२१० च्या तीन तारा थेट टीडीए १५४१ए ला जोडतात. आयसीची त्याला हरकत नसते. तिला हा सिग्नल कळतो.

आयसी काढून प्लग लावला की प्लेअर निपचित पडतो. घाबरू नका, ११.२८९६ मेगाहर्ट्झचं घड्याळ त्याच ७२२० मध्ये होतं आणि सगळं मशीन त्याच्यावर चालत होतं. आता वेगळं घड्याळ बसवा. ते बसवल्यावर ते मूळच्यापेक्षा चांगलं आहे, हे आपोआप ठरतं.

घड्याळ चाललं की आवाज येईल, पण थोडा मवाळ. २० किलोहर्ट्झपाशी तो सुमारे ३.२ डेसिबलने उतरतो, हे साधं गणित आहे, आयसी कुठलीही असो. आणि २२ किलोहर्ट्झच्या वर संगीताच्या उलट्या सावल्या मोकळ्या सुटतात. त्या आपल्याला ऐकू येत नाहीत, अँप्लिफायरला येतात. शिवाय वाचता न आलेल्या नमुन्यांच्या जागी अंदाजाने आकडे भरून चूक झाकण्याचं कामही ७२२० च करत होती. तेव्हा चरे पडलेली तबकडी लावली आणि टक्-टक् ऐकू आलं, तर तो तुमचा प्लेअर आता काहीही लपवत नाही याचा पुरावा समजावा.

आणखी एक. १९८० च्या दशकातल्या काही तबकड्यांवर वरचे सूर मुद्दाम वाढवून भरलेले असतात आणि प्लेअर ते वाजवताना परत खाली आणतो. अनेक जुन्या मशीनांत हे काम आउटपुटच्या भागात होतं, तोच भाग ‘अनावश्यक’ म्हणून बरेचजण पायरी ६ च्या ओघात कापून टाकतात. अशी तबकडी कर्कश वाजली की रेकॉर्डिंगला नावं ठेवावीत.

आउटपुटला जमिनीशी जोडणारे म्यूटिंग ट्रान्झिस्टरही याच धडाक्यात काढतात. त्यानंतर प्लेअर चालू-बंद करताना स्पीकरमधून जो दणका येतो, त्याला डायनॅमिक्स म्हणतात.

पायरी ८ : मुकुट

टीडीए १५४१ए च्या काही आयसी कारखान्यात जास्त काटेकोर निघाल्या, तेव्हा त्यांच्यावर मुकुट छापला गेला. एक मुकुट म्हणजे एस१, दोन मुकुट म्हणजे एस२. उलट ज्यांची अट सैल केली त्यांच्यावर आर१ लिहिलं. आज दोन मुकुटांची आयसी सोन्याच्या भावात मागतात आणि भाव असला की मुकुटही भरपूर छापले जातात. घेण्याआधी अल्कोहोलच्या काडीने छपाई पुसून पाहावी. मुकुट काडीवर आला तर आयसी जुनी आणि मुकुट नवा. विकणारा पुसू देत नसेल तरी उत्तर मिळालंच.

पायरी ९ : ऐकणे

जोडणी झाली की शंभर तास वाजू द्यायचं, असा नियम आहे. या काळात भाग ‘मुरतात’ असं सांगतात. तुमचे कान नव्या आवाजाला मुरतात, हे नक्की, कारण शंभर तासांत पुरणपोळीतली कमी गोडीसुद्धा आवडायला लागते.

मग जाणकारांना बोलवावं आणि शब्द तयार ठेवावेत. ‘पडदा दूर झाला.’ ‘तानपुरा मागे सरकला.’ ‘गायिका श्वास घेते ते ऐकू आलं.’ हा श्वास मूळ प्लेअरमध्येही होता, पण तेव्हा आपण गाणं ऐकत होतो.

कोणाला खरंच तपासायचं असेल तर रीत अशी. एक बदललेला आणि एक मूळ, असे दोन प्लेअर घ्या. ४०० हर्ट्झचा सूर सीडी-आरवर भरून दोन्हींत वाजवा आणि आउटपुटचं एसी व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. दोन व्होल्टला ०.०२ च्या आत जुळवून घ्या, म्हणजे ०.१ डेसिबलच्या आत. ही पायरी गाळू नका. जरासा मोठा वाजणारा प्लेअर माणसाला नेहमी ‘चांगला’ वाटतो आणि निम्म्या सुधारणा एवढ्यावरच जिंकतात. मग कोणालातरी पडद्यामागून अदलाबदल करायला सांगा आणि दहा वेळा ओळखा. पाच बरोबर आले तर नाणं उडवूनही तेवढेच आले असते. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा बरोबर यायची शक्यता जेमतेम १ टक्का आहे, तेव्हा नऊ आले तर बदल खरा धरावा आणि मिरवावा. ही चाचणी घरातल्या मंडळींकडून करून घेऊ नये. त्या दहाही वेळा ‘दोन्ही सारखंच’ म्हणतात आणि वाद वाढतो.

शंकासमाधान

प्रश्न : एवढं करून आवाज खरंच सुधारतो का?
उत्तर : पायरी ३, ४ आणि ५ च्या पहिल्या भागाने नक्की सुधारतो, कारण ती डागडुजी आहे. पायरी ६ ने कधी कधी. पायरी ७ ने आवाज बदलतो, हे मोजता येतं. बदलणं आणि सुधारणं यांतलं अंतर ज्याने त्याने भरावं. पायरी ८ ने विकणाऱ्याचा सुधारतो.

प्रश्न : नवा, साधा कन्व्हर्टर स्वस्तात मिळतो. त्याची मापं टीडीए १५४१ए पेक्षा चांगली असतात. मग हा खटाटोप कशाला?
उत्तर : आपण चुकीची मार्गदर्शिका वाचत आहात.

प्रश्न : थांबायचं कधी?
उत्तर : लेन्स स्वच्छ, सांधे पक्के, कंडेन्सर नवे आणि घुरघुर गेलेली असली की थांबावं. फिलिप्सच्या इंजिनिअरांनी आवाज बऱ्यापैकी जमवूनच मशीन बाहेर पाठवलं होतं. बिघडलं ते वयाने.

आता पाकिटांचं. काढलेला प्रत्येक भाग, कंडेन्सर, ऑप-अँप, ७२२० आणि रिकाम्या जागेचा फोटो, सगळं नावासकट पाकिटात घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. कधी हा प्लेअर विकायला काढलात, तर येणारं गिऱ्हाईक पहिला प्रश्न एकच विचारतं : आत कोणी हात घातलेला नाही ना?